अस्वलाचा शिक्का

दिवाळीच्या कार्डांची पाकिटं बंद करणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. बायको इंग्लंडात, लेस्टरला म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला होती. तिथल्या एका रशियन म्हातारीने जाण्याआधी तिला आपल्या सरदार घराण्याचा पितळी शिक्का दिला. त्यावर ढाल, ढालीत उभं अस्वल, वर मुकुट. "आमच्यात कोणी उरलं नाही, तू वापर," म्हणाली. तेव्हापासून आमची पाकिटं त्या अस्वलानेच बंद व्हायची. शिकलेली माणसं हसली असतील, हसू देत.

मी लाल लाख वितळवायचो, ती शिक्का बर्फाला टेकवून दाबायची. तसं केलं की लाख चिकटत नाही. त्या दुपारी मी म्हटलं, "आण, आज मी दाबतो." घाईत बर्फ विसरलो. लाख शिक्क्याला चिकटून आली नि पाकिटावरच्या अस्वलाचं मुंडकं गेलं.

"अहो सरदार, म्हातारीच्या आजोबांनी तुम्हाला चाबकाने फोडलं असतं!" ती खोकला येईपर्यंत हसली. "राहू दे, शेजारणीचं पाकीट आहे, टपालात टाकायचं नाही. उद्या नीट करू."

ही शेजारीण दर आठवड्याला तिला आपल्या गाडीतून हॉस्पिटलला न्यायची.

संध्याकाळी बायको खुर्चीत बसल्या बसल्या गेली.

आभार मानणं मला कधी जमलं नाही, ते तीच करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी बर्फ काढला. मग नवी लाख ओतून शिक्का दाबला. अस्वल अख्खं उठलं. पाकीट घेऊन शेजारणीच्या दारात गेलो नि म्हणालो, "थँक्यू. आम्हा दोघांकडून."