वजा पाचचं वर्तुळ

अकरावीच्या गणिताच्या सरांची मला किळस यायची. आमच्या पापडी गावात शिकवणीला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही रीत. माझे बाबा वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळी द्यायचे, सुक्या पानात बांधून. सर ती शिकवता शिकवताच खात, बोटं चाटत आणि त्याच बोटांनी आमच्या वह्या उलटत. माझ्या वहीला मुंग्या लागायच्या. पण कॉलेजात पेपर काढणारे सर तेच आणि तपासणारेही तेच. पास झाले तरच बारावी, नाहीतर घरी बस, असं बाबांनी बजावलं होतं.

एके दिवशी सरांनी फळ्यावर वर्तुळाचं समीकरण लिहिलं: क्ष वर्ग अधिक य वर्ग, वजा सहा क्ष, अधिक आठ य, अधिक तीस, बरोबर शून्य. केंद्र आणि त्रिज्या काढा. सहाचं आणि आठचं निम्मं करून चिन्हं बदलली की केंद्र मिळतं: तीन, वजा चार. मग नऊ अधिक सोळा, त्यातून तीस गेले. त्रिज्येचा वर्ग आला वजा पाच. कुठल्याच लांबीचा वर्ग वजा येत नाही.

शेजारी बसलेली माझी मैत्रीण होळी गावची, भाजीवाल्या घरातली. ती उभी राहिली. "सर, असं वर्तुळच नसतं. गणित चुकलंय."

सरांनी अंगठा चाटला. "त्रिज्या कधी वजा असते का? ते चिन्ह खोड. उत्तर, पाचाचं वर्गमूळ."

"पण खोडायचं कसं, सर?"

"शिकायला आलीस की शिकवायला? बस खाली."

मला ठाऊक होतं, तिचंच बरोबर आहे. मी मुकाट्यानं चिन्ह खोडलं.

वार्षिक परीक्षेत नेमकं तेच गणित आलं. तिनं लिहिलं, असं वर्तुळ अस्तित्वात नाही. मी लिहिलं, पाचाचं वर्गमूळ. पाच मार्कांचं गणित होतं. मी काठावर पास झाले, ती तीन मार्कांनी गेली. तिच्या घरच्यांनी तिला वाफ्यांना पाणी द्यायला लावलं ते कायमचंच.

बाबा भलतेच खूश झाले. सुकेळ्यांचं मोठं पुडकं देऊन त्यांनी मला सरांकडे पाठवलं. सरांनी ते तिथंच उघडलं, एक सुकेळं मोडलं आणि चिकट बोटांनी अर्धं माझ्यापुढे धरलं.

"घे. हुशार आहेस."

मी ते घेतलं आणि त्यांच्यासमोर उभ्या उभ्या खाल्लं.