अकरा नंबर हजर

भागवत सर गेले हे मला शहागंजात कळलं, लिंबं घेताना. फोन वाजला, पडद्यावर त्यांचंच नाव होतं, म्हणून मी नेहमीच्या थाटात सुरुवात केली, "काय सर, आज शाळेला दांडी वाटतं?" पलीकडून त्यांचा मुलगा बोलला. "मॅडम, पप्पा गेले. पहाटं छातीत दुखलं... दवाखान्यात नेईस्तोवर..." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. लिंबंवाला पिशवी पुढं करून उभा होता आणि मी त्याच्याकडं नुसती बघत होते. त्या पोराला माझं पहिलंच वाक्य थट्टेचं ऐकावं लागलं, ही चुटपुट अजून जात नाही. दोन महिने होत आले, आता कुठं लिहायला बसले आहे.

मी शहराच्या जुन्या भागातल्या एका शाळेत चौथीला शिकवते. सर करमाडच्या पुढं एका वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत होते. वस्तीतली बहुतेक घरं मेंढरं राखणारी. आमची ओळख चार वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात झाली. दोन शाळांच्या मुलांनी एकाच ऑनलाइन पानावर मिळून कसं लिहायचं, हे तिथं पडद्यावर दाखवत होते आणि मागच्या बाकांवर निम्मे शिक्षक डुलक्या घेत होते. त्यात मीही होते, खोटं कशाला सांगू! जेवणाच्या सुट्टीत एक उंच, काटकुळे गृहस्थ डबा घेऊन शेजारी बसले आणि ओळखपाळख न करताच म्हणाले, "मॅडम, ते पान साध्या फोनवर बी उघडतंय म्हणले ना? मग गाव सोडून गेलेल्या लेकराला बी उघडंल की." मला काही उमजेना. तेव्हा त्यांनी रेणुकाचं सांगितलं. त्यांच्या चौथीतली, लई हुशार. दिवाळी झाली की आईबापासोबत मेंढरांमागं जायची, उन्हाळा सरताना परत यायची. तिची मोठी बहीण अशीच एका वर्षी गेली आणि पुन्हा शाळेत आलीच नाही. "हिला तसं जाऊ द्यायचं नाय मला," सर म्हणाले. मग डब्यातला ठेचा माझ्या पोळीवर वाढला आणि माझा होकार गृहीतच धरला.

अशी आमची दोन शाळांची सामाईक वही सुरू झाली. "सामाईक म्हणलं की आमच्याकडं भांडण आलंच," सर हसायचे, "सामाईक बांधापायी डोकी फुटत्यात." पण मुलांची डोकी शाबूत राहिली. प्रत्येकाला पलीकडच्या शाळेतला एक जोडीदार दिला. माझ्या वर्गातल्या आलियाला रेणुका मिळाली. आलियानं विचारलं, मेंढीला नाव असतं का? दुसऱ्या दिवशी कुठल्याशा रानातून उत्तर आलं, "नाव नसतं. आई तोंडावरून ओळखते. तुमच्या मॅडम तुम्हाला ओळखतात तसं." वर्ग खो खो हसला आणि मीही हसले. मुलांना चार ओळी लिहा म्हटलं की अंगावर काटा येतो, पण पलीकडं कुणी वाट बघतंय म्हटल्यावर तीच मुलं पानभर लिहायला लागली.

मग मी घोळ घातला. वही बघायला शिक्षण खात्यातले साहेब येणार होते. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी झालेली, कागद स्वच्छ हवा ही आमची जन्मखोड. मुलांच्या लिखाणात मधे मधे नुसताच 'अकरा' हा आकडा पडलेला होता. मागं काही नाही, पुढं काही नाही. कुणाचं तरी बोट लागलं असणार म्हणून मी ते सगळे पुसले, मथळे दिले, ओळी सरळ केल्या. साहेब खूश झाले. मीही दोन दिवस मिरवलं.

आठवड्यानं सरांचा फोन आला. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "मॅडम, ते अकरा तुम्ही काढले का?" मी म्हटलं, हो, चुकून पडले होते. ते म्हणाले, "रेणुकाचा हजेरी नंबर हाय तो." दोघांचं ठरलेलं होतं... रेंज धड नसेल, लिहिणं जमणार नसेल, त्या दिवशी एखाद्या टेकाडावर चढून बापाच्या फोनवरून नुसता नंबर टाकायचा. म्हणजे हजर सर. मस्टरवर ती गैरहजरच होती, त्याला इलाज नव्हता, पण वर्गात ती रोज होती. तिनं पान उघडलं तर आपले सगळे आकडे गायब. शाळेनं नाव काढलं, असंच तिला वाटलं. बाप म्हणाला, "झालं तर मग, आता मेंढरं बघ." तेव्हापासून तिनं फोनला हात लावला नव्हता.

मी वर्गात डोकं धरून बसले. आलिया जवळ आली, फोन हातातून घेतला आणि म्हणाली, "मॅडम, कुछ नै गया. पुराना पान वापस आता, रुको." दोन ठिकाणी बोट लावलं आणि सगळे अकरा जागच्या जागी हजर! मला तिथंच रडू फुटलं. सरांना आनंदानं कळवलं तर ते म्हणाले, "पान आलं मॅडम. पोर कुठं आली? रविवारी चला माझ्यासंगं. पुसलं तुम्ही, सांगायचं बी तुम्हीच."

फर्दापूरच्या अलीकडं एसटीतून उतरून आम्ही कापूस वेचून झालेल्या एका रानात चालत गेलो. मेंढरांभोवती जाळी लावलेली, रेणुका कोकरू धरून उभी. माझ्याकडं बघेना. "माझं नाव काढलं व्हय तुम्ही?" तिनं जमिनीकडं बघतच विचारलं. मी म्हटलं, "नाही गं. न विचारता पुसलं, चूक माझी आहे." फोन पुढं केला. तिनं एकेक अकरा बोट ठेवून मोजला. मग म्हणाली, "सर, मधले आठ दिवस न्हाईत."

"ते गैरहजर," सर म्हणाले. "खोटं नाय लावायचं."

ती खुदकन हसली आणि फोन माझ्या हातून ओढून तिथंच त्या दिवसाचा आकडा टाकला. तिच्या वडलांनी आम्हाला मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. परतताना सरांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, खिडकीला डोकं टेकून घोरत मात्र आले. जूनमध्ये रेणुका पाचवीत बसली. आता ती करमाडला मावशीकडं राहून आठवीत शिकते.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी मी वस्तीवर गेले. दरवर्षी त्या दिवशी सर गाव सोडणाऱ्या मुलांना वेगळं बसवून जोडीदार ठरवून द्यायचे. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, दुसऱ्या बाई चार वर्ग एकट्या ओढताहेत. सरांशिवाय हे निभणार नाही, वही आपणच बंद करावी, असं मनाशी पक्कं करूनच मी निघाले होते. बाईंना ते सांगायला वर्गात शिरले तर सतरंजीवर पाच मुलं गोल करून बसलेली, प्रत्येकाच्या हातात बापाचा फोन, आणि मधे रेणुका. शाळा बुडवून आली होती. मला बघून ती उठली नाही, तिला फुरसतच नव्हती.

"बरं झालं आल्या मॅडम," ती म्हणाली. "दिवाळी झाली की ही पाच जण निघत्यात. तुमच्याकडची पाच नावं सांगा."

मी चपला काढल्या, सतरंजीवर बसले आणि पहिलं नाव सांगितलं.