सोबतीची धाव

लेक पोलीस भरतीची तयारी करायला लागली, तेव्हा घरातून एकच अट निघाली: पहाटे एकटीनं रोडवर पळायचं नाही. ह्यांच्या त्या वेळी धारा चालू असतात, सासूबाईंचे गुडघे गेलेले. राहिले मी. वय त्रेचाळीस, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी स्कूटी काढणारी.

पहिले चार दिवस स्कूटीवरूनच तिच्या मागे मागे गेले. पाचव्या दिवशी थंडीनं बोटं आखडली, म्हणून गाडी कडेला लावली आणि पळून बघितलं. विजेच्या दोन खांबांतच दम लागला. दुसऱ्या दिवशी तीन खांब. महिन्याभरात श्रीरामपूर रोडनं थेट फाट्यापर्यंत जाऊन यायला लागले. दुधाच्या टेम्पोवाले मला ओळखीचा हॉर्न द्यायचे. खोटं कशाला सांगू, फार भारी वाटायचं.

मग नडगी दुखायला लागली. गुडघ्याखाली, हाडाच्या आतल्या कडेनं. आधी पळून आल्यावर, मग पळताना, मग जिना उतरतानाही. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर सासूबाईंना टोमणे मारायला आयतंच निमित्त मिळालं असतं. आणि मी थांबले तर लेकीचं पळणं थांबेल, असं स्वतःला सांगत राहिले. चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि गोठ्यात बसून शेकायचं. वर बाम चोळायचा. त्या वासानं म्हैस तोंड फिरवायची, पण घरच्यांना पत्ता नाही अशी माझी खात्री.

लेकीनंच पकडलं. "मम्मी, आठ दिवस झाले, तू डावा पाय जपून टाकतीयेस. चल दवाखान्यात."

डॉक्टरांनी अंगठ्यानं नडगी दाबली, तशी मी खुर्चीतून उठलेच. "हाडाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "सवय नसताना एकदम एवढं पळालात, तेही डांबरावर. आणि हे बूट कुणाचे?" बूट लेकीचे जुने होते, टाचेकडून पार झिजलेले. विटेचं सांगितलं तर ते हसायलाच लागले. बर्फ लावा, तीन आठवडे पळणं बंद, मग मातीवर थोडं थोडं, असं म्हणाले.

ह्यांनी त्याच संध्याकाळी गहू निघालेल्या रानात ट्रॅक्टर घातला, ढेकळं फोडली, वर फळी फिरवली आणि कडेकडेनं पळायची वाट करून दिली. ओट्यावरून सगळी दिसते. "आता तिला सोबत लागायची न्हाई," हे खुशीत म्हणाले, "तुझीबी सुटका झाली."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओट्यावर बसले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गोठवलेला बर्फ नडगीवर धरून लेकीच्या फेऱ्या मोजत होते, आणि एकदम रडूच आलं.

"लई दुखतंय का?" सासूबाईंनी विचारलं.

हो म्हणाले. पाय तेवढा दुखत नव्हता. मला सुटका नको होती. लग्नानंतर दिवसातला तेवढाच अर्धा तास माझा झाला होता, आणि तोही लेकीच्या नावावर चालला होता.

पुढं लेकीची मैदानी चाचणी चांगली झाली आणि लेखीच्या अभ्यासाला ती पुण्याला मावशीकडं गेली. रानातली वाट मोकळी पडली. माझे तीन आठवडे संपले होते. श्रीरामपूरला जाऊन मी स्वतःच्या मापाचे बूट आणले आणि दोन दिवस कपाटातच ठेवले. तिसऱ्या दिवशी पहाटे काढले.

दारात लेस बांधत होते, तर मागून सासूबाई आल्या. "पोरगी तं हितं न्हाई. मंग आता कुनाच्या सोबतीला निघाली?"

एखादं कारण सापडतंय का म्हणून मी जरा थांबले. भाजी आणायला म्हणावं, तर अजून उजाडलंही नव्हतं.

"कुणाच्याच नाही," म्हणाले. "मला पळायचंय."

सासूबाईंनी खाली माझ्या नव्या बुटांकडं बघितलं. माझ्या छातीत धडधडत होतं, आणि अजून एक पाऊलही पळाले नव्हते.

"दूध मी तापवते," त्या म्हणाल्या. "किती येळ लागंल?"

"अर्धा तास," मी म्हणाले.