फ्रिजमधला बूट

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. मोठे शब्द मला येत नाहीत, जे येतात ते घरातलेच. चुकलं तर सांभाळून घ्या. पण किस्से खरे आहेत, मी स्वतः तिथे होतो.

आमचं गाव अमेरिकेतलं, त्याचं नावच स्टेट कॉलेज. इथे थंडी फार. रविवारी दुपारी नोरामावशीकडे गायला माणसं जमली, की तिच्या दारातल्या कोचावर जॅकेटांचा हा ढीग लागतो! आपलं ओढायला जावं तर दुसऱ्यांची चार हातात येतात. तिचे किस्से असेच आहेत. एक ओढला की बाकीचे खाली पडतात.

नोरामावशी सत्तरीची आयरिश बाई. आयरिश भाषेतली जुनी गाणी गाते. ती भाषा इंग्रजीपेक्षा अगदीच वेगळी, हे मलाही तिच्यामुळेच कळलं. शिवाय अशी गाणी ज्यांना येतात त्या म्हाताऱ्या माणसांना शोधत अमेरिकाभर फिरते. तिची रेकॉर्डिंग्ज युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आहेत. तिला ड्रायव्हिंग येत नाही. मी इथली बस चालवतो. ओळख तिथेच झाली.

* * *

ती पुढच्या सीटवर डोळे मिटून पुटपुटत बसायची. एकदा तिचा स्टॉप मागे गेला. सांगावंसं वाटलं, पण मी पडलो लाजाळू. बस सगळी फिरून परत तिथेच आली, तरी हिचे डोळे मिटलेलेच! शेवटी घसा साफ करून म्हणालो, "मॅम, युअर स्टॉप. सेकंड टाइम."

तिने एक डोळा उघडला. "अजून दोन कडवी राहिलीत. माझं गाणं मोठं नाही रे, तुझा रूट छोटा आहे!"

आणि डोळा मिटला. मी तिला घेऊन तिसरा राउंड मारला.

* * *

ती म्हणायची, "मला नुसतं नोरा म्हण." सत्तरीच्या बाईला नुसतं नोरा कसं म्हणणार? मी मावशी म्हणालो. तिने अर्थ विचारला. म्हटलं, आईची बहीण.

"आईला विचारलंस का?"

घरी येऊन आईला सांगितलं. आई इथे कॉलेजच्या मेसमध्ये कामाला आहे, मामाने आम्हाला इकडे आणल्यापासून. ती म्हणाली, "मला न विचारता बहीण आणलीस? तीही माझ्याहून मोठी! म्हणजे आता तिचं ऐकून घ्यायचं!"

* * *

पहिल्यांदा रविवारी गेलो तेव्हा टॉम गात होता. टॉम रिटायर्ड प्लंबर आहे. त्याचं एकच गाणं, ते लांबलचक. मी भजनात वाढलेला, लगेच टाळ्यांचा ठेका धरला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मावशी कानात म्हणाली, "ढकलू नकोस त्याला. तो पोचेल त्याच्या वेळेने."

मग बघितलं. गाणाऱ्याच्या शेजारचा माणूस त्याचा हात हातात घेतो आणि हळूहळू गोल फिरवत राहतो. मध्येच कुणी "शाब्बास!" अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. एवढं चालतं म्हटल्यावर मीही म्हणालो, "क्या बात है!"

टॉमला ते इतकं आवडलं की आता सगळे म्हणतात. प्लंबरपासून प्रोफेसरपर्यंत, "क्या बाट हे!"

आणि त्यांच्यात शेवटची ओळ गात नाहीत, नुसती बोलतात. गाणं संपलं, माणूस परत खोलीत आला, असं. मला काय माहीत? मला वाटलं चाल विसरला. मी धीर द्यायला गेलो, "इट्स ओके, अंकल!"

* * *

मावशीच्या आजीचं एक गाणं आहे. त्याचं शेवटचं कडवं कुणालाच येत नव्हतं. ती तरुणपणापासून ते शोधत होती. गाताना तिथपर्यंत यायची आणि थांबायची. शेवटची ओळच नाही, तर बोलणार काय? मग टॉम हळूच म्हणायचा, "नेक्स्ट टाइम, नोरा."

मला त्या वेळी चहा टाकायला उठावंसं वाटायचं. बघवायचं नाही.

* * *

आणखी एक नियम. ज्याचं गाणं तो खोलीत असेल, तर ते दुसऱ्याने म्हणायचं नाही. सायली तिथे नवीन होती. ती न्यू जर्सीत जन्मलेली, पीएचडी करते, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. एकदा टॉम दिसला नाही म्हणून तिने टॉमचं गाणं सुरू केलं.

टॉम बाथरूममध्ये होता!

आता गाणं चालू असताना खोलीत यायचं नाही, हाही नियमच. त्यामुळे बिचारा दाराबाहेर उभा राहून आपलंच गाणं शेवटपर्यंत ऐकत होता. मग आत येऊन म्हणाला, "झालं. आता माझ्याकडे राहिलं काय? पाईप?"

"ओ माय गॉड, संजूदादा, आय वॉण्ट टू डाय," सायली मला म्हणाली.

पुढच्या रविवारी टॉम स्वतःच तिला म्हणाला, "ते तिसरं कडवं परत म्हण. तुझं माझ्यापेक्षा बरं होतं. मी नव्हतोच समज!"

* * *

आता फ्रिजचं. लोकांच्या घरी रेकॉर्डिंग करताना फ्रिजची घरघर येते, म्हणून या लोकांना प्लग काढावा लागतो. मग परत लावायचं विसरतात आणि लोकांचं दूध नासतं. यावर त्यांची युक्ती अशी की, प्लग काढताना गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची. चावीशिवाय जाणार कुठे? पण मावशीकडे गाडीच नाही. म्हणून ती एक बूट ठेवते.

हे मला माहीत होतं. आईला नव्हतं! मावशी आईची गाणी रेकॉर्ड करायला घरी आली. आई म्हणत होती, "मला नाही बाई गाणंबिणं येत." आणि चहासाठी दूध काढायला फ्रिज उघडला.

"संज्या! ही बाई पायातलं फ्रिजमध्ये ठेवते! श्रीखंडाशेजारी!"

मी समजावून सांगितलं. आई बराच वेळ बुटाकडे बघत राहिली. "हुशार आहे," म्हणाली. "पण पिशवीत घालून ठेव म्हणावं."

त्या दिवशी रेकॉर्डिंगमध्ये आलं ते एवढंच.

* * *

या एप्रिलमध्ये मावशीला फोन आला. मिशिगनमध्ये नोव्हाय गावी एका वृद्धाश्रमात नव्वदीची आयरिश आजी आहे, तिला ते कडवं येतं म्हणे. मी सुट्टी टाकली, गाडी काढली.

आजी खमकी होती. मशीन बघून म्हणाली, "ते बंद. लिहायचंही नाही. एकदाच म्हणीन, माझा दम तेवढाच आहे. डोक्यात राहिलं तर तुझं."

मावशीने शब्द दिला. मशीन पिशवीत गेलं. फ्रिज चालूच राहिला, बूट पायातच. आजी गायली, मध्ये खोकली, परत गायली. शेवटची ओळ बोलली. मावशीने तिच्या हाताचा मुका घेतला आणि आम्ही पळालो.

गाडीत मावशी तेच कडवं घोळवत होती. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. ओहायोत मागे पोलिसांचे दिवे लागले. माझा टेल लाइट गेला होता. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो. ऑफिसर वाकून म्हणाला, "कुठून येताय?"

"गाणं आणायला गेलो होतो," मावशी म्हणाली.

"हो? कुठलं गाणं?" बिचाऱ्याने प्रेमानेच विचारलं.

मावशीने सांगायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. कडवं डोक्यातून गेलं होतं!

ऑफिसरने तिकीट दिलं नाही. तोच सॉरी म्हणत गेला.

मी म्हटलं, "मावशी, परत वळवू?"

"नको. दिलेलं आपल्या हातून सांडलं, तर परत मागायचं नसतं."

त्या रविवारी ती गायली नाही. टॉमने "नेक्स्ट टाइम" म्हटलं नाही.

* * *

त्यानंतरच्या रविवारी आईने तिला जेवायला बोलावलं. मावशी नुसती बसून होती. आई भाकऱ्या थापता थापता मला म्हणाली, "तुम्ही मिशिगनला गेलात त्या दिवशी खिशातून तुझा फोन लागला होता मला. मी कामावर होते, उचलला नाही. कुणी म्हातारी गातेय, सगळं व्हॉइस मेसेजमध्ये रेकॉर्ड झालंय. रोज ब्रेकमध्ये ऐकते. बरं वाटतं."

माझ्या हातातलं पाणी सांडलं. "मावशी! आजीचं कडवं! सगळं आहे आईच्या फोनमध्ये!"

मावशी उठली, बसली. मी फोन तिच्यापुढे धरला. नुसतं बोट लावायचं होतं. तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी तिला शब्द दिलाय, संजू. मशीनमध्ये नाही म्हणून. पुसून टाक."

"अहो, एकदा ऐका तरी!"

"पुसून टाक."

मी पुसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. काय झालं ते आईला सांगितलं तर ती माझ्यावरच भडकली. "माझ्या फोनमधलं मला न विचारता पुसलंस? आता मी ब्रेकमध्ये काय ऐकू?"

आणि पाठ फिरवून भाकरी तव्यावर टाकली. राग आला की आई गुणगुणते. गुणगुणायला लागली.

फ्रिजची घरघर थांबली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मावशी खुर्चीवर नाही. ती आईच्या शेजारी उभी होती. रेकॉर्डरची पिशवी टेबलावर बंदच होती. आईला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण चाल पुरी होती, वळणं सगळी होती. जिथे आजी खोकली तिथे आई खोकली! मावशीचे ओठ हलायला लागले. आधी नुसते, मग त्यात शब्द आले. तिने आईचा पिठाचा हात धरला आणि हळूहळू गोल फिरवायला लागली.

शेवटची ओळ आई गायली नाही, बोलली. मावशीही बोलली. दोघी एकदमच.

"अगं नोराताई, हात सोड, भाकरी करपली!" आई म्हणाली.

"क्या बाट हे," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या दुधासाठी मी फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही. दह्याच्या भांड्याशेजारी, पिशवीत घातलेला एक बूट होता. दुसरा दाराशी होता, आणि आईच्या सपाता गायब. मी फ्रिजचा प्लग लावला, दोन्ही बूट बसच्या पुढच्या सीटवर ठेवले आणि बस काढली.