नितळकाकांनी साफ केलेली बाटली

प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला सगळे नितळकाका म्हणत. काहीही गढूळ दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. बायकोने केलेला चहासुद्धा ते पुन्हा गाळून घेत, आणि तरी ती माउली तो त्यांच्या डोक्यावर ओतत नव्हती, हे तिचे उपकारच.

त्या दिवशी संशोधक बाईंची शेवटची परीक्षा होती. त्यांनी तयार केलेला पदार्थ जांभळ्या दिव्याखाली परीक्षकांसमोर हिरवा उजळला पाहिजे, नाहीतर पदवी हुकली. सकाळी काकांनी त्या पदार्थाची बाटली पाहिली, तर आत दुधाळ, गढूळ पाणी. पोरीची अब्रू जाईल म्हणून काका कळवळले. त्यांनी कपाटातलं द्रावक काढलं, बाटलीत ओतलं आणि हलवलं. गढूळपणा पार विरघळला. काका निर्धास्त झाले.

परीक्षक आले, दिवा लागला, आणि बाटली काळी ठिक्कर. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. काकांनी जवळ जाऊन हळूच सांगितलं, की आत घाण होती, ती मीच घालवली.

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मोठं भांडं पुढे सरकवलं, बाटली त्यात रिकामी केली आणि पाण्याचा जग काकांच्या हातात दिला.

"ओता."

"पुन्हा गढूळ होईल हो, बाई."

"होऊ द्या."

काकांनी मन घट्ट करून पाणी ओतलं. भांडं पुन्हा गढूळ झालं आणि हिरवंगार पेटलं. बाई परीक्षकांना समजावू लागल्या. या पदार्थाच्या प्रत्येक रेणूला पंख्यासारखी पाती असतात. द्रावकात विरघळून सुटा झालेला रेणू ती गरगर फिरवत बसतो आणि दिव्याकडून मिळालेली सगळी ऊर्जा त्यातच उधळतो. पाणी घातलं की रेणू गोळा होऊन एकमेकांना खेटतात, पाती हलायला जागा उरत नाही, मग तीच ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. बाकीचे बरेच रंग गर्दीत मंदावतात, हा मात्र उलट्या स्वभावाचा.

परीक्षक खूश झाले. आधी अंधार दाखवायची ही युक्ती कोणाची, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या काकांची," बाई म्हणाल्या. काका खरं सांगायला तोंड उघडणार, तोच टेबलाखाली त्यांच्या पायावर बाईंचा पाय पडला.

पदवी मिळाली. काका लंगडत बाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. बाई ओरडल्या असत्या तर त्यांनी निमूट ऐकून घेतलं असतं, कौतुक मात्र त्यांना सोसवेना.