कोरं तिकीट

फ्लॉरेन्सहून पिसाला जाणारी गाडी सुटली आणि समोरच्या आजीबाईंनी आमच्या तिकिटाकडे बोट दाखवलं. त्यावर शिक्काच नव्हता. चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात तो उमटवायचा असतो, नाहीतर दंड होतो, हे आम्हाला कुठे ठाऊक! बायकोने तर तिकीट चुरगळू नये म्हणून पासपोर्टात जपून ठेवलेलं, ते आत्ता कुठे बाहेर काढलं होतं.

"आता काय करायचं हो?" ती कुजबुजली.

पलीकडून तपासनिसाचा आवाज जवळ येत होता. आमचे चांगले कपही या तिकिटासारखेच जपून ठेवलेले, जन्मभर कपाटात राहिले. जे वापरलं तेच खरं आपलं, हे आम्हाला कधी उमगलंच नाही.

आजीबाईंनी पेन पुढे केलं आणि शिक्क्याऐवजी तिकिटावर तारीख-वेळ लिहायची खूण केली. मी घाईघाईने टोक टेकवलं, तोच बायकोने माझा हात धरला.

"जपून लिहा हो, तिकीट खराब होईल!"