मार्क पडतात, नोकरी लागते

सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं बाटल्यांची झाकणं तपासली. दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागात सुपरवायझरची जागा निघाली. माझ्याच हाताखाली काम शिकलेले दोघे मला ओलांडून आधीच सुपरवायझर होऊन बसले होते, त्यामुळे या खेपेला ती जागा मला हवीच होती. अडचण एवढीच की अर्ज इंग्रजीत होता, आणि ‘आजवर काय काय अचीव्ह केलं’ हे लिहायला त्यात अख्खं पान मोकळं सोडलं होतं.

माझे यजमान शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांना न विचारता मी एका रविवारी अर्ज भरून टाकला. मनात मराठीत बोलायचं आणि एकेक शब्द इंग्रजीत उतरवायचा, ही माझी पद्धत. त्यांनी कागद हातात घेतला, पहिली ओळ वाचली आणि त्यांना चहाचा ठसकाच लागला. दहावीत मला एकाहत्तर टक्के मार्क पडले होते, तसं मी लिहिलं होतं: मार्क्स फेल, ‘फॉल’चा भूतकाळ.

“अगं, मार्क घसरले असा होतो याचा अर्थ! आणि हे काय, जॉब अटॅच्ड टु मी? नोकरी तुला चिकटली?”

“एकोणीस वर्षं झाली, सुटली नाही अजून. चिकटलीच म्हणायची.”

मग शिकवणी सुरू झाली. रन स्कोअर करायचे, अनुभव गेन करायचा, पदवी अर्न करायची आणि ध्येय अचीव्ह करायचं. मी भाजी चिरता चिरता पाठ करायची. चुकून अनुभव स्कोअर केला की ते पायावर वरवंटा पडल्यासारखे डोळे मिटून घ्यायचे. खरं सांगायचं तर त्या यादीतलं गेन हे एकच क्रियापद त्यांनी लग्नानंतर स्वतः करून दाखवलं आहे, तेही वजनकाट्यावर.

या शिकवणीत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडे माणूस स्वतः काही करतच नाही. गारा पडतात तसे मार्क पडतात. ताप येतो तसा पहिला नंबर येतो. ठेच लागते तशी नोकरी लागते. इंग्रजीत मात्र सगळीकडे आय, आय आणि आय. लिहिताना मला सारखी लाज वाटत होती, भर लग्नात आपणच आपल्याला ओवाळून घ्यावं तशी.

माझ्या आईचा मखमलाबादला मळा आहे. मेथी, कोथिंबीर, थोडा झेंडू. दर बुधवारी ती गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या बाजारात बसते. तिथे जाऊन मी तिला अर्जाचं सांगितलं.

“मी केलं, मी केलं, आसं म्हनू नाय आपन,” ती जुड्या मांडत म्हणाली. “लागायची आसंल तर लागंल जागा. पह्यली नोकरी तरी लागलीच ना नशिबानं?”

त्या नोकरीसाठी मी अंबड-सातपूरच्या किती कारखान्यांच्या फाटकांवरून परत फिरले होते, हे तिला ठाऊक होतं. मला रागच आला. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने विचारलं, “मावशी, मेथी कुठून आली?”

आई उसळलीच. “आली? तिला काय पाय हायेत? पहाटं उठून काढली मी!”

मेथीच्या बाबतीत तिला मी म्हणायला काही अडचण नव्हती.

मुलाखतीला तीन साहेब होते. मधले परप्रांतातले, मराठी न येणारे. त्यांच्यासमोर बसले आणि स्कोअर, गेन, अर्न, सगळी मंडळी एकदम पसार झाली. साहेब अर्जातलं एक वाक्य मोठ्याने वाचू लागले: लीकेज वॉज नोटिस्ड. झाकणं गळत होती म्हणून आदल्या वर्षी मी फाटकाशी पोचलेला भरला ट्रक थांबवायला लावला होता, सगळ्यांच्या शिव्या खाऊन. पण माझ्या मनात गळती नुसती ‘लक्षात आली’ होती, तशीच ती कागदावर उतरली. वाक्य व्याकरणात बिनचूक, त्यामुळे यजमानांनीही त्याला हात लावला नव्हता.

“नोटिस्ड बाय हूम?” साहेबांनी विचारलं.

‘आम्ही सगळ्यांनी’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सवयच तशी. पण मला ओलांडून गेलेले ते दोघे आठवले, आणि का कोण जाणे, आईची मेथी आठवली.

“आय,” मी म्हटलं. “आय नोटिस्ड. आय स्टॉप्ड द ट्रक.”

आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

महिन्याभराने पत्र हातात पडलं. त्या बुधवारी कारखान्यातून सुटल्यावर मी घरी न जाता थेट गंगेवर गेले आणि आईला सांगितलं, “आई, सुपरवायझरची जागा मिळाली.” तिने पत्र उलटसुलट करून पाहिलं, हात पदराला पुसले आणि पुन्हा पाहिलं. मला वाटलं, आता नशिबाचं नाव निघणार. तेवढ्यात शेजारी वांगी घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, “काय गं, लेकीला मोठी जागा लागली म्हनं?”

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडत ती म्हणाली, “लागली नाय, बाई. काढली तिनं.”